अष्टमीची लाल रेघ

जव्हार,
पौष वद्य द्वादशी, बुधवार,
२९ जानेवारी २००३

तीर्थरूप देवराम मामांच्या पायांवर भाच्याचे, म्हणजे तुळशीदासाचे डोके. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वाकणं सध्या बंद आहे. कागदावर वाकतो.)

तुमचा गुडघा कसा आहे? आईचा खोकला उतरला का? पोशेऱ्याला थंडी फार असेल. इकडे मी, चंद्रकला आणि कंबर असे तिघं ठीक आहोत. पत्र लिहायला तसं खास कारण नाही, आणि जे आहे ते शेवटी येईल. तुम्ही गुरुजी असल्यामुळे कोणाचंही पत्र आधी शेवटाकडून वाचता हे मला लहानपणापासून ठाऊक आहे (शाळेतून घरी पाठवलेल्या माझ्या चिठ्ठ्यासुद्धा तुम्ही तशाच वाचायचात), पण या वेळी कृपा करून क्रमाने वाचा. माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती क्रमानेच झाली आहे.

गेल्या आषाढात आमच्या ऑफिसात जादा माणसांची यादी निघाली. तिच्यात आरेखक म्हणून माझं नाव वर होतं. साहेब म्हणाले, तुळशीदास, तुम्हाला पाण्याचं कळतं, तुम्ही खाली खाडीच्या कामावर जा. मामा, मला पाण्याचं कळतं म्हणजे काय, तर मी पंधरा वर्षं आपल्या डोंगरातल्या ओहोळांवरचे बंधारे काढले. आपलं पाणी सरळ स्वभावाचं. वरून येतं, खाली जातं, वैशाखात मरतं. पुन्हा वर चढून आलं असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण यादीत नाव असलेल्या माणसाने हे बोलायचं नसतं, म्हणून मी कंपासपेटी उचलली आणि घाट उतरलो.

काम असं. समुद्राकाठी सावटे म्हणून गाव आहे. तिथल्या खाडीच्या तोंडावर सरकारने पूर्वी मातीचा लांब बांध घातला, आत भातशेती होईल म्हणून. भात काही झालं नाही. खाडी मात्र कोंडून मेली. चिंबोऱ्या गेल्या, निवट्या गेल्या, तिवरं वाळून काटक्या झाली, आणि तिथले कोळी आता मासळी विकत आणून खातात. म्हणून नवीन योजना आली, की बांध फोडायचा, भरतीचं पाणी परत आत घ्यायचं आणि खाडी जिवंत करायची. (जे आपणच मारलं ते आपणच जिवंत करायचं, दोन्ही वेळा मंडप आपलाच.) पण एक अडचण होती. बांधाच्या आत, थोड्या उंचवट्यावर, अकरा जुने दगड उभे आहेत. वीरगळ. कोणे एके काळी समुद्रात लढून मेलेल्या माणसांचे. दगडांवर होड्या कोरल्या आहेत, वल्ही मारणारे कोरले आहेत, सगळ्यात वर चंद्र-सूर्य. पुरातत्त्वच्या मंजुषा मॅडम म्हणून आहेत, त्यांनी अट घातली की भरतीचं पाणी या दगडांना शिवता कामा नये, आणि ते कुठवर येणार ती रेघ आधी नकाशावर दाखवा. ती रेघ काढणारा माणूस म्हणजे मी.

पहिल्या दिवसाची हकिगत आईला सांगू नका. मी बांधाच्या बाहेर छान सपाट, कोरडी जागा बघून नागलीची भाकरी सोडली, खाल्ली, उरलेली फडक्यात बांधली, आणि तिवराच्या सावलीला जरा पडलो. जाग आली तेव्हा चप्पल तरंगत होती. पाणी समुद्राकडून डोंगराकडे निघालं होतं, मामा! मी बांध फुटला, बांध फुटला असं ओरडत धावलो आणि मांडीपर्यंत चिखलात रुतलो. मला ज्या बाईने काखेत धरून ओढून काढलं तिचं नाव राही. सत्तरीची कोळीण, हाताला लोखंडाचा जोर. बाकीच्या बाया पोट धरून हसत होत्या. ती हसली नाही. तिने माझी भाकरीसुद्धा पकडली होती, पण ती समुद्राची झाली होती.

राहीबाईचा या कामाशी संबंध असा, की त्या अकरा दगडांच्या शेजारी, जरा खाली, बारावा दगड आहे. गुडघ्याएवढा, साधा, कोरीव काही नाही. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो आलाच नाही, त्याच्या नावाने तिने तो उभा केला. रोज दिवेलागणीला त्याच्यापुढे तांब्याभर गोडं पाणी ओतते (खारं पाणी त्याला पुष्कळ आहे, असं म्हणते). मॅडमच्या यादीत अकराच दगड आहेत. बारावा जुना नाही, म्हणून नाही. मॅडम वाईट नाहीत, त्यांनी त्याचा फोटोही काढला, पण यादीला वयाची अट आहे. मी राहीबाईला शब्द दिला की अकरांच्या पायाशी पाणी येणार नाही अशी रेघ काढतो आणि तुझाही दगड त्या रेघेच्या वरच ठेवतो. तो शब्द का दिला हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या शेताच्या कडेला बाच्या नावाचा चिरा उभा आहे तोही गुडघ्याएवढाच आहे.

आता रेघ कशी काढतात ते थोडक्यात सांगतो. बांधाच्या बाहेर खुंट्या ठोकायच्या, भरतीचं पाणी कितव्या खुंटीवर चढतं ते बघायचं, आणि तीच उंची दुर्बिणीने बांधाच्या आत आणून नकाशावर मांडायची. मी पाच महिन्यांत पाच खेपा केल्या. पाचही वेळा पाणी तिसऱ्या खुंटीवर येऊन गुमान थांबलं, बोटभर इकडेतिकडे. मला समुद्राबद्दल आदर वाटायला लागला. एवढा मोठा, पण वळण चांगलं! मी लाल शाईने रेघ ओढली. अकरा दगडांच्या हातभर खाली, बाराव्याच्या वीतभर खाली. रेघ इतकी सुबक आली की साहेबांनी नकाशा भिंतीवर लावला, आणि खाली सही माझी घेतली. भरतीचं छापील कोष्टक ऑफिसने मागवलं होतं, त्याचं स्मरणपत्रही गेलं होतं, पण रेघ इतकी चांगली दिसत असताना कोष्टक कशाला हवं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

राहीबाई मात्र दर खेपेला एकच बोलायची. "तू अवसं-पुनवंला कवा येस नय. अवसंला ये, मंग समिंदर कवडा हाय तं दिसंल." मी हसून सांगायचो, बाई, आमच्या घरात अवस-पुनवेला घाट उतरत नाहीत. मला वाटायचं, हिचं तिच्या गावचं काहीतरी आहे, माझं माझ्या गावचं आहे, दोघांनी आपापलं पाळावं.

मामा, आता जरा पाणी प्या आणि पुढे वाचा.

पौष पौर्णिमेनंतर चार दिवसांनी राहीबाई जव्हारला आली. एसटीने, एकटी, हातात बांबू घेऊन. (कंडक्टरने बांबू टपावर टाकायला सांगितला, तर ही स्वतः टपावर चढायला निघाली. शेवटी बांबू आणि ती दोघं आत बसून आली.) तिने तो बांबू माझ्या टेबलाला टेकवून उभा केला. खाली एक खाच होती, ती माझी तिसरी खुंटी. वर लाल चिंधी बांधलेली, ते पुनवेचं पाणी. खाच पायाशी धरली तर चिंधी माझ्या छातीला लागत होती. पुनवेला भर दुपारी ती स्वतः बांबू धरून पाण्यात उभी राहिली होती. म्हणाली, "मी येडी नाय. तुझी रेग येडी हाय." मग आमच्या शिपायाने दिलेला चहा बशीत ओतून प्यायली आणि परतीची गाडी पकडायला गेली.

मी घरी आलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून जमिनीवर पसरलं. माझ्या पाच खेपांच्या तारखा लावल्या. पाचही अष्टमी. मामा, तुमचा नियम असा, की अवस-पुनवेच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आपल्या घरचा माणूस घाट उतरणार नाही. चंद्रकला तर बायको, तिने तो आणखी घट्ट केला. अष्टमी दोघींपासून सारखी लांब म्हणून ती मला फक्त अष्टमीलाच सोडायची. आणि अष्टमीला समुद्र अर्ध्या मनाने चढतो, हे सावट्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अवस-पुनवेला उधाण असतं. माझ्या रेघेप्रमाणे बांध फोडला तर अकरा दगड मांडीपर्यंत पाण्यात जातील. बारावा दिसणारच नाही. समुद्र वळणाचा नव्हता, मामा. मीच त्याच्या घरी तो नसताना जात होतो.

मी साहेबांकडे गेलो. बांबू दाखवला. साहेबांनी बांबूकडे बघून विचारलं, हा आवक-जावकला नोंदवला का? मग म्हणाले की आता पत्रिका छापून झाल्या, बांध फोडायचा समारंभ येत्या शनिवारी, साडेबारा वाजता. शनिवार का, तर पाहुण्यांना पाणी खळाळत आत आलेलं दिसलं पाहिजे, म्हणून कोणीतरी जाणकाराने सगळ्यात मोठ्या भरतीचा दिवस काढून दिला आहे. (म्हणजे मंडप घालणाऱ्याला उधाण माहीत होतं. फक्त रेघ काढणाऱ्याला नव्हतं.) मी म्हटलं, आधी दगडांभोवती छोटा बांध घाला, मग मोठा फोडा. ते म्हणाले, दगड भिजले तर वाळतील, आणि सही तुमची आहे, चूक तुमची आहे, कबूल करायची असेल तर मॅडमसमोर जागेवर येऊन लेखी करा, पुढे चौकशीला मी जबाबदार नाही. मॅडमना फोन केले, चार वेळा. त्या दौऱ्यावर आहेत, शनिवारी थेट सावट्यालाच येणार. त्यांनी जागेवर नाही म्हटलं तर काम थांबतं. पण त्यांना माझी रेघ खोटी आहे हे माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही, आणि शनिवारी अवस आहे.

तुमच्यावर राग नाही. बा बत्तीस वर्षांपूर्वी मिठागरावर कामाला उतरला तोही अवसेलाच, आणि भरतीने बांध खचला तेव्हा त्याचं फक्त कांबळं घरी आलं. तुम्ही बहिणीकडे बघून नियम घातलात. मी सहा वर्षांचा होतो, मला तो नियम म्हणजे देवच वाटला. तुम्हाला तेव्हा अवसेचं पाणी कळलं होतं, फक्त त्याचं कारण तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. मी तर शिकलेला आरेखक. रोज रात्री झोपताना वाटतं, त्या बाईला मी शब्द दिला आणि तिच्या माणसाला दुसऱ्यांदा बुडवायचा नकाशा काढला. कंबर धरली ती यानेच धरली असावी.

बाकी सर्व क्षेम. आईला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक.

तुमचा,
तुळशीदास

ता. क. – चंद्रकला सांगते की खुरासणीची चटणी पोचली, डबा परत पाठवते. झाकण मात्र सापडत नाही.

ता. क. २ – मूळ कारण राहिलं. शनिवारी, अवसेला, घाट उतरायला तुमची परवानगी पाहिजे. हो किंवा नाही ते उलट टपाली कळवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

ता. क. ३ – पोस्टात विचारून आलो. हे पत्र तुम्हाला सोमवारी मिळेल. म्हणजे तुमचा नकार मला वेळेवर पोचायची सोय नाही, आणि हे मला ता. क. २ लिहितानाही ठाऊक होतं. शनिवारी सहाच्या गाडीने बांबू घेऊन निघतोय. आईला तुमच्या पद्धतीने सांगा, म्हणजे शेवट आधी. मी परत आलो असेन तर तो आधी सांगा.

ता. क. ४ – राहीबाई परत निघाली तेव्हा एसटी स्टँडवर मी तिला म्हटलं होतं, काही जमलं नाही तर तुझा दगड वर पोशेऱ्याला आणू, आमच्या बाच्या चिऱ्याशेजारी उभा करू, तिथे कधी पाणी येणार नाही. ती म्हणाली, "डोंगरावं? त्यो आला तं पान्याच्या वाटनंच येल ना. तिथं त्याला कसं गावंल?" गाडी सुटली. मामा, बत्तीस वर्षं आपण बाला वर, कोरड्यात उभा करून ठेवला आहे, आणि प्रत्येक अवसेला दार लावून घरात बसलो आहोत. या अवसेला भरतीच्या वेळी आपल्यातला एक जण काठावर असेल, एवढंच कळवायचं होतं.