ओजसच्या पापणीवरचा लाल ठिपका

३० नोव्हेंबर २०२५

‘ग्रहणात दाराआड कोंडल्या गेलेल्या बायांनो!’

— अशी सुरुवात करायची. तीन जानेवारीला देवनारला अंधश्रद्धेवर बोलायचंय, सभा भरवणाऱ्या नंदाने आजच फोन करून माझं नाव पक्कं केलं. पुढे असं — पोटुशी होतात तेव्हा तुम्हाला पाणी पिऊ दिलं नाही, सुरी धरू दिली नाही, कुशीवर वळू दिलं नाही. आणि एवढं सगळं पाळूनही मुलाच्या अंगावर डाग निघाला, तर दोष कुणाचा? तुमचाच!

टाळ्या इथे येतील. मग माझ्या नातवाला, ओजसला दाखवायचं.

सप्टेंबरात चंद्रग्रहणाच्या रात्री माझ्या लेकीला, माधुरीला सातवा सरत आलेला. तिला मी आमच्या घाटकोपरच्या इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांसमोर बसवलं आणि सफरचंद कापायला लावलं. व्हिडिओ किती ग्रुपवर फिरला! आणि आता पोरगा दोन आठवड्यांचा आहे, खणखणीत रडतो. कंबरेखाली निळसर पट्टा आहे, पण तो आपल्याकडे बहुतेक बाळांना असतो, काही वर्षांत विरतो. मानेवर फिकट गुलाबी डाग आहे, तोही निरुपद्रवी. जन्मखुणांवर मिळेल ते वाचून काढलंय मी. सभेत कुणीही काहीही विचारा.

२ डिसेंबर

डाव्या वरच्या पापणीवर लाल ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा. माधुरी म्हणते डास चावला असेल.

डास नाही. मला कळलं, पण बोलले नाही.

९ डिसेंबर

कुंदाताई आल्या होत्या मुलुंडहून. माधुरीच्या सासूबाई. आळिवाचे लाडू, दुपटी, सगळं घेऊन. पोराला मांडीवर घेतलं, टोपी मागे सारली आणि त्याला उजेडाकडे वळवलं. ठिपका आता डाळिंबाच्या दाण्यासारखा झालाय — तसाच लाल, तसाच फुगीर.

“विहीणबाई, तुमका राग येतलो. पण मी बोलतंय. ग्रहणात सुरी धरल्यान ना हेच्या आवशीन!”

“कुंदाताई, सुरी सफरचंदावर चालली. पापणीवर नाही.”

“मगे सफरचंदाचोच रंग कसो इलो?”

मला हसू आवरेना आणि रागही. सफरचंद लाल, म्हणून डाग लाल! दुधी कापला असता तर हिरवा आला असता का? तसं म्हटलंही. अनिरुद्ध — जावई — खाली मान घालून लाडू खात होता. माधुरी आत निघून गेली.

जाताना दारात कुंदाताई वळल्या. “हसा तुमी. पण डोळो पुरो उघडत नाय तेचो. तां तरी बघा.”

१० डिसेंबर

उघडतो. झोपेत असतो म्हणून तसं वाटतं.

१४ डिसेंबर

पुन्हा सगळं चाळलं. असा डाग जन्मताना नसतो किंवा पुसट असतो, दोन-तीन आठवड्यांत उगवतो, पहिले काही महिने भराभर वाढतो आणि मग आपोआप मावळायला लागतो. रक्तवाहिन्यांचा गुंता, बाकी काही नाही. आईच्या खाण्यापिण्याशी, सुरीशी, चंद्राशी संबंध शून्य. शाळेत जाईपर्यंत बहुतेकांचा जवळजवळ जातो.

झालं तर मग! एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना माणसं चंद्राला कशाला मध्ये ओढतात?

पण इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी माझा जुना व्हिडिओ आज परत टाकलाय. खाली तीन सफरचंदांची चित्रं. शब्द एकही नाही. भ्याड!

२१ डिसेंबर

माधुरी सकाळी म्हणाली, “आई, एकदा दाखवू या का कुणाला?”

“काय दाखवायचं? बाळ की ग्रहण?”

आणि मीच बोलत सुटले — वाशीमला आजीने मला ग्रहणात जन्मलेली म्हणून कशी बाजूला ठेवली, तिथपासून सुरुवात. पण मुद्दा खरा आहे. आपोआप जाणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्याची पायरी चढलो, की त्याच संध्याकाळी मुलुंडला बातमी — बघा, काहीतरी आहेच. लोकांना दवाखान्याची चिठ्ठी दिसते, आत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही.

माझं बरोबर आहे.

तरी जेवण गेलं नाही. भांडी घासली, ओटा पुसला, परत पुसला.

२९ डिसेंबर

ओजसला लस दिली. रांग जिन्यापर्यंत. डॉक्टरांनी फक्त मांडी पाहिली, टोपी भुवयांपर्यंत होती. माधुरी टोपी वर करायला गेली, तोवर पुढच्या बाळाचं नाव पुकारलं. मीच तिला दंडाला धरून बाहेर काढलं — “चल गं, लोक खोळंबलेत.”

३ जानेवारी २०२६

देवनारची सभा. हॉल भरला, मागे बाया उभ्या होत्या. सुरुवात ठरवली तशीच केली आणि ‘दोष कुणाचा?’ म्हटल्यावर पुढच्या रांगेतून आवाज आला — “सासूचा!” केवढा हशा! नंदा हसता हसता खुर्चीतून घसरली.

मग ओजसला घेतलं. भाषण बदलावं लागलं होतं. डाग नाही असं म्हणता येत नव्हतं, म्हणून डागच पुढे केला. म्हटलं, बघा! माझ्याच नातवाला आहे. लपवत नाही. तीट लावत नाही. काहीही करत नाही. हा आपण होऊन आला, आपण होऊन जाईल!

टाळ्या.

शेवटी प्रश्नोत्तरं. हिरव्या साडीतली एक बाई उठली, अगदी तरुण. “बाई, माझ्या बहिणीच्या पोरीला पण अस्साच आहे. डोळ्यावरच. डोळ्यावर असला तरी काही करायचं नाही?”

मी म्हटलं, “डोळ्यावर असो नाहीतर ढोपरावर — डाग तो डाग!”

परत टाळ्या. ती बाई बसली. माधुरीने माझ्या हातातून ओजसला घेतलं आणि सभा संपायच्या आधीच बाहेर गेली.

वाक्य झकास जमलं. तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. मी हे कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. तोंडात आलं.

४ जानेवारी

माधुरी मुलुंडला गेली. आणखी महिनाभर राहायचं ठरलं होतं इथे. “अनिरुद्धला करमत नाही,” म्हणाली. टॅक्सीत बसताना पोराची डावी बाजू माझ्याकडे येणार नाही असं धरलं होतं तिने. की मलाच तसं वाटलं?

घर रिकामं. दोरीवर एकच दुपटं राहिलंय.

११ जानेवारी

तीन वेळा फोन केला, माधुरीने घेतला नाही. चौथ्यांदा कुंदाताईंनी घेतला.

“खंय गेलेलात?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं, गंमत म्हणून.

“देवळात.” गंमत संपली.

“ओजसला घेऊन?”

“मगे? देवाक गाऱ्हाणा घातलंय. अनिरुद्धान रजा पण घेतल्यान.”

“कुंदाताई! माझ्या नातवाला—”

“माझोय नातू असा तो, बाय.”

एवढं बोलून ठेवलाच फोन! माझी मुलगी त्या देवळात हात जोडून उभी राहिली! जिला मी पाळण्यात असल्यापासून प्रश्न विचारायला शिकवलं, ती! आणि अनिरुद्धने त्यासाठी रजा टाकली म्हणे. मरोळच्या त्याच्या कारखान्यात तापालासुद्धा रजा देत नाहीत आणि गाऱ्हाण्याला मिळते!

१८ जानेवारी

आज शांतपणे बसून वाचलं. शोधून शोधून, फक्त पापणीचं.

ढोपर वेगळं, पापणी वेगळी.

पापणीवरचा असा गुंता फुगला की डोळा झाकतो, किंवा भाराने बुबुळाचा आकार बिघडवतो. बाळाचा मेंदू याच महिन्यांत बघायला शिकतो. एका डोळ्यातून नीट चित्र येत नसेल, तर मेंदू तो डोळा सोडून देतो. डोळा धडधाकट आणि नजर नाही. औषध आहे, पण ते लवकर, वाढीच्या दिवसांत सुरू करायचं असतं. मागाहून डाग जातो, नजर येतेच असं नाही.

हे डिसेंबरात माझ्यासमोर नव्हतं असं नाही. त्याच पानावर, खाली होतं. मी ‘आपोआप मावळतो’ इथपर्यंत आले आणि उठले. तेवढंच हवं होतं.

डोळो पुरो उघडत नाय तेचो.

उद्या सकाळीच मुलुंड. कुंदाताईंशी भांडावं लागलं तर भांडेन, पण पोराला उचलून डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

१९ जानेवारी

निघणार होते, चप्पल घालत होते, तेवढ्यात माधुरीने फोटो पाठवला. डाग फिकट झालाय! कडेने करडा पडलाय, बसलाय. डोळा उघडा — दोन्ही सारखे, जवळजवळ.

पलंगावर बसून रडले. मग हसले. काही न करता! मी सांगत होते ना! एवढ्या लवकर मावळेल असं वाटलं नव्हतं, पण पुस्तकं सरासरी सांगतात, प्रत्येक बाळ वेगळं.

नंदाला फोटो पाठवला. तिचं उत्तर — “सुलक्षणा, तूच जिंकलीस! आठ फेब्रुवारीला पुन्हा देवनार घेऊ. आधीचा फोटो, आताचा फोटो आणि मधे तू!”

२५ जानेवारी

मग झोप का येत नाही?

१ फेब्रुवारी

नवीन भाषण होत नाही. ‘काही न करता’ या तीन शब्दांपाशी हात थांबतो. चार कागद फाडले.

हिरव्या साडीतल्या बाईची बहीण काय करत असेल? काही नाही. मी सांगितलंय तसं.

८ फेब्रुवारी

सभेआधी ओजसला न्यायला मुलुंडला गेले. तो मला बघून हसला, दोन्ही डोळ्यांनी. मी माधुरीला म्हटलं, “टोपी नको घालूस आज, लोकांना दिसू दे.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि सिरपची बाटली आणून माझ्या हातात दिली. अर्धी संपलेली.

“तुझ्या सभेनंतरच्या बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिथूनच मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दिवसभर ठेवून घेतलं, नाडी बघत बघत पहिला डोस दिला. आणखी थांबला असतात तर नजर गेली असती, म्हणाले. तुला सांगितलं असतं तर तू भाषण केलं असतंस गं आई. ऐकायला वेळ नव्हता.”

मी कुंदाताईंकडे पाहिलं. “तुम्ही तर म्हणालात देवळात—”

“देवाकय सांगलंय, डाक्टराकय दाखयलंय. माका दोनय चलतत. तुमका एकच चलता, तेचा भ्या वाटला.”

ओजसला घेतलं नाही. नंदाला फोन करून सांगितलं — फोटो काढून टाक, आणि मी पोचायच्या आत ती हिरव्या साडीतली बाई शोध. कुठेही असो, शोध.

रिक्षात बसून हे लिहितेय. भाषण एवढंच:

बायांनो, बाळाच्या पापणीवर लाल डाग दिसला आणि वाढू लागला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ती तरुण बाई इथे असेल तर तिने आत्ता उठावं, बहिणीला फोन लावावा. माझं बोलणं संपायची वाट बघू नये.