सामायिक विहिरीच्या बाऱ्या

३ मार्च १९९७

भिमाजीनं खोऱ्याच्या दांड्यानं सूर्यभानचे दोन दात पाडले. सूर्यभान माझा धाकटा सख्खा भाऊ, भिमाजी चुलत. विहीर आजोबांची, सामायिक. तिसरा वाटेकरी शेजारचा रंगनाथ — तो हातात दगड घेऊन मध्येच उभा, कोणाला हाणावा ते ठरेना! कारण नेहमीचंच. मोटर कोणी किती वेळ चालवली.

सूर्यभान रक्ताची गुळणी टाकून म्हणाला, "आक्का, एक दिस ह्याला हितंच आडवा करतो का न्हाई बघ."

त्या विहिरीत मला वाटा नाही. मुलगी ना मी! म्हणूनच गावात निःपक्षपाती अशी एकटी मीच उरले.

५ मार्च

ठरलं. पाण्याच्या बाऱ्या मी लावणार. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर ट्रंककॉल लावले — कोण आधी, कोण नंतर, कोणाची वेळ संपली. मंत्र्याच्या पीएला "थांबा" म्हणणारी बाई मी. हे तीन रेडे काय चीज आहेत!

नगरच्या क्लासमधून मोडीत निघालेला कॉम्प्युटर आणून ठेवलाच आहे. तिथला मास्तर बेसिक शिकवताना म्हणाला होता, "आजी, भजनं टाईप करायची का?" कॉन्व्हेंटात नन्सच्या पट्ट्या खाऊन शिकले मी. तीच पट्टी त्याच्या बोटांवर ओढावी असं वाटलं होतं.

७ मार्च

जमलं! अवघड काहीच नाही. एका ओळीत वेळ आणि नाव. ओळी वेळेप्रमाणे लावायच्या. यंत्र सारखं घड्याळाकडे बघतं, पहिल्या ओळीची वेळ झाली की बीप करतं, नाव दाखवतं, ती ओळ काढून टाकतं आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसतं. बीप ऐकू आली की मी लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा हातोडीनं बडवते आणि नाव पुकारते. आवाज तिन्ही रानांत जातो.

१४ मार्च

आठवडाभर एक शिवी नाही. तिन्ही घरांतून चहा येतो आहे. भिमाजीची बायको चांगुणा म्हणाली, "आक्का, तुमच्या पेटीनं वाघाच्या शेळ्या केल्या बगा."

१५ मार्च

रक्ताची आंघोळ.

सकाळीच लाईट गेली. दुपार कलल्यावर आली. यंत्र सुरू केलं, तर त्याला तिघांचीही वेळ होऊन गेलेली दिसली. एकामागोमाग तीन बीपा, तीन नावं. आणि मी — मूर्ख, मूर्ख! — तिन्ही पुकारली. तिघं धावत आले. तिघंही खरे!

रंगनाथचा कान पाईपनं फाटला, लोंबत होता. भिमाजीच्या खांद्यात विळा. सूर्यभाननं कुऱ्हाडीनं मोटरची केबलच तोडली. जाळ उडाला, भुवया होरपळल्या, तरी शिव्या चालूच. पोरं, बायका, भावकी, सगळी विहिरीवर. कोणी मेलं नाही, कारण मारायला हात उचलावा तर चार जण धरायला!

१७ मार्च

चूक कळली. एक्स्चेंजमध्ये तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. आमच्या रानात बारी घड्याळावर नसते, लाईटवर असते. मोटर थांबली की बारीही थांबते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. खुर्चीत बसले आणि विसरले.

आता घड्याळ काढूनच टाकलं. प्रत्येकाची उरलेली मिनिटं ठेवायची, यंत्र चालू असेल तेवढीच कमी करायची आणि दर वेळी फ्लॉपीवर लिहायची. एकाची संपल्याशिवाय दुसऱ्याचं नाव नाही. माझं घर आणि मोटर एकाच डीपीवर, एकाच ट्रान्सफॉर्मरवर. लाईट गेली की यंत्र मेलं, बारी थांबली. लाईट आली की जिथं राहिली तिथून पुढे. झक्क!

वर आणखी एक नियम घातला. ज्याची बारी, तो एकटाच विहिरीवर. बाकीच्यांनी बांधही ओलांडायचा नाही. भैरोबापुढे तिघांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली.

३० मार्च

एक मिनिट इकडचं तिकडे नाही. आज सूर्यभान येऊन पडद्यासमोर बसला. दात पडल्यापासून बोलताना शिट्टी वाजते.

"आक्का, भिम्याची फुडली बारी कवा हाय?"

दाखवली. अभिमानानं!

"आन तवा तिथं दुसरं कुनीच नसतंय?"

"नियमच आहे तसा."

"लई ब्येस केलंस."

२ एप्रिल

मी रूळ वाजवला. "भिमाजी!" म्हणून पुकारलं. तो हात वर करून विहिरीकडे गेला.

चांगुणा न्याहारीची भाकरी घेऊन गेली आणि तिची किंकाळी आली.

पाटात पालथा. मान मागून निम्मी तुटलेली. पाटाचं पाणी तांबडं होऊन मक्यात चाललेलं. मोटर चालूच. घरी आले तर यंत्रही चालूच — त्याची उरलेली मिनिटं इमानानं कमी करत होतं. बंद केलं.

३ एप्रिल

सूर्यभान बेपत्ता. त्याची कुऱ्हाडही.

चांगुणा माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "धा जन भांडायला आसायचे तवा माझा धनी जित्ता हुता. तुमी त्याला एकला पाडला, आक्का."



४ एप्रिल

पंचनामा झाला. फौजदार म्हणतात, "बाई, एव्हाना तो बीडकडे सटकला असेल." मला हसू आलं, आणि हसताना ओठ चावला गेला. सूर्यभानच्या कांद्याला शेवटचं पाणी राहिलं आहे. ह्याच रानात बाप तिरडीवर ठेवून माणसांनी आधी पिकाला पाण्याची दारं धरली आहेत. तो कुठल्या तरी उसात पडून रुळाकडे कान लावून असणार. माझ्या शिस्तीचा ह्यानं सुरा केला! माझ्या!

फौजदारांना म्हटलं, "शोधू नका. मी बोलावते."

५ एप्रिल

यंत्र पुन्हा सुरू केलं. भिमाजीची ओळ पुसली नाही. त्याची मिनिटं संपू दिली. मग रंगनाथ. मग —

६ एप्रिल

यंत्र वाजलं. रूळ बडवला. "सूर्यभान!" रोजच्याइतक्याच मोठ्यानं.

तो मक्यातून खोरं घेऊन आला. फौजदार मोटरच्या खोपीत होते. त्याला जीपमध्ये घातल्यावर मी खोरं उचललं आणि त्याच्या कांद्याचं दारं मीच धरलं. बारी त्याची होती.