मागं सरकणारं कपलिंग

प्रिय गुरू,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. हुबळीत सुखात असशीलच. रुसून गेलेली माणसं सुखातच असतात, हाल मागे राहिलेल्यांचे. त्यात अप्पा हल्ली माझ्याशी गोड बोलतात. मला संशय येणारच की.

आपलं चादरींचं फिरतं दुकान, तो ट्रेलर, तू गेल्यापासून अंगणात उभा होता. ड्रायव्हर ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "मीच नेणार जत्रेला." बहात्तराव्या वर्षी! मैदानात सराव सुरू केला. मी ओरडले, "अप्पा, बाहेरून मोठं वळण घ्या, मागची चाकं आत येतात." तर म्हणे, "भावाची शिकवणी लावलीस काय गं?" आणि गर्रकन वळवलं. ट्रेलरचा पुढचा कोपरा ओढणाऱ्या पिकअपच्या केबिनवर आदळला, मागची काच खळ्ळकन खाली. अगदी तुझ्या वेळी झालं तसंच. पिकअपचा हौदा आखूड आहे, हौद्यात ट्रेलर जोडायचं कपलिंग एका जागी घट्ट बसणारं नको, वळताना मागं सरकणारं घ्या, हे तू घसा फोडून सांगत होतास. तेव्हा अख्ख्या गल्लीसमोर "ह्याच्या हातातच दोष हाय" म्हणाले ते हेच अप्पा. आता गल्लीला सांगतात, काच माकडानं फोडली. आपल्या गल्लीत माकड कुणी बघितलंय?

मग परवा चहा घेताना हळूच म्हणाले, "रुद्राणी, एका माणसाला विचारायचंय. सरकणारं कपलिंग वळणावर आपोआप सरकतं, का उतरून खिट्टी ओढावी लागते?" मी म्हटलं, दोन्ही मिळतात. कोण माणूस? "हाय एक. पण खिट्टीवालं नको. तो कसला उतरतोय, आळशी मेला."

त्या माणसाचं नाव मी पुन्हा विचारलं नाही. काल पिकअप झाडायला गेले, तर ड्रायव्हरची सीट पार मागे ढकललेली. अप्पांचा पाय तिथून क्लचला पोचतच नाही. आपल्या घरात एवढे लांब पाय एकाचेच.

मिस्त्री शुक्रवारी येतोय, आपोआपवालं की खिट्टीवालं ते विचारायला. जुनं कपलिंग अप्पांनी काढूनच टाकलंय, म्हणजे जत्रेला ते स्वतः जाऊ शकत नाहीत आणि तुला ये म्हणणार नाहीत. मला मात्र रोज विचारतात, "हुबळीची गाडी किती वाजता गं?" तेव्हा मिस्त्रीला काय ते तू येऊन सांग. दारात "कशाला आलास?" म्हणतील. उलट बोलू नकोस, सरळ आत ये.

तुझीच,
रुद्राणी अक्का