हळदीच्या काड्या आणि आमचं विषमुक्त घर

३ जून, सकाळ

आमच्या लेकीचा, रेत्नोचा फोन. तिची बाळंतपणाची रजा संपत आली. ती बँकेत गेली की बाळ दिवसभर कुणाकडे, आमच्याकडे की तिच्या सासूकडे, ते अजून ठरत नाहीये. म्हणाली, ज्या घरात विष नसेल तिथे ठेवीन. डासांचा फवारा, डांबरगोळ्या, फिनेल, भराभर नावं घेतली. विहीणबाईंनी म्हणे हवा शुद्ध करायचं मशीन आणलंय.

मशीन! पी.टी.चा मास्तर होतो मी. सोलो शहरातली निम्मी पोरं शुद्ध हवेत पळवली. मला हवा शिकवताहेत.

संकल्प: घर ताबडतोब विषमुक्त. नात इथेच राहणार.

३ जून, संध्याकाळ

मोहीम जोरात. न्हाणीघरात टांगलेल्या डांबरगोळ्या, कॉइल, फवारा, सगळं पोत्यात. बायकोचं, सुमार्नीचं, गोरं व्हायचं क्रीमही टाकलं. तिने ते पोत्यातून परत काढलं आणि म्हणाली, "अहो पाक, आधी स्वतःच्या खिशात बघा." खिशात क्रेतेक होती, माझी सिगारेट. क्रेतेकमध्ये लवंग असते. लवंग मसाल्यात मोडते.

आईला या कशाचं काही नाही. लहानपणी म्हणे सरकारी माणसं घरोघर डी.डी.टी. मारायची, भिंती पांढऱ्या व्हायच्या, आणि ही बाकीच्या पोरांबरोबर फवाऱ्यामागे नाचायची. "मला काय झालं रे, ले?" साठीला आलो तरी मी तिचा 'ले' आहे, म्हणजे पोरगाच. तिच्या डांबरगोळ्या मात्र कुठे सापडल्या नाहीत. लपवण्यात आईचा हात कुणी धरणार नाही.

पोतं परसात जाळलं. काळा, जाड, समाधानकारक धूर. फवाऱ्याचा डबा फटाक्यासारखा फुटला. शेजारच्या बू तार्मी खोकत खोकत वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या. त्यांची छाती पहिल्यापासून नाजूक.

५ जून

खाण्यातल्या विषाचं काय? मोबाइलवर उपाय सापडला. लाकडी काडी हळदीत भिजवून वाळवायची आणि पदार्थात खुपसायची. लाल झाली की समजायचं, बोरॅक्सची भेसळ. किती सोपं! विहीणबाईंच्या मशीनला हे जमेल?

काड्यांचं काम आईकडे दिलं. नाहीतरी दिवसभर बसून पानाला चुना फासत असते. तिने खुशीत मूठभर काड्या केल्या, उन्हात वाळल्यावर एकेक बोटांनी पुसून ठेवली.

६ जून

टोफू: लाल! हादरलो. टोफू कोंबड्यांना घातला. कोंबड्या मजेत आहेत. सवय झाली असणार.

७ जून

बाक्सो, म्हणजे मांसाच्या गोळ्यांचं सूप, विकणारा सुकिदी गाडी घेऊन गल्लीत आला. वाडग्यातल्या गोळ्यात काडी खुपसली. लालभडक! सगळ्यांसमोर सुनावलं त्याला. म्हणाला, "पाक गुरू, हीच गाडी माझ्या बापाची होती. शाळेत असताना तुम्ही रोज खायचात." म्हटलं, म्हणूनच माझे गुडघे दुखतात. गल्लीतलं एकही माणूस आज बाक्सो खायला पुढे आलं नाही. समाजकार्य.

९ जून

शेवया लाल. भात लाल. पपई लाल. शहाळं, जे सकाळी माझ्यादेखत झाडावरून उतरवलं, तेही लाल! विष थेट मुळापर्यंत पोचलंय. दोन दिवस नीट जेवलेलो नाही. सुमार्नी मात्र माझ्यासमोर बसून फोडणीचा भात चवीने खाते. म्हणाली, "तुम्ही वाळलात तर बरंच आहे, पाक, पाळणा ठेवायला जागा होईल."

अखेर क्रेतेकला काडी लावली. पिवळी ती पिवळीच! आख्ख्या घरात शुद्ध एवढी एकच वस्तू. निश्चिंत मनाने दोन ओढल्या.

१२ जून

रविवारी रेत्नो पाहणीला येतेय, बाळाला घेऊन.

फवारा नाही, कॉइल नाही, डासांनी फोडून काढलंय. नैसर्गिक उपाय: अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे जाळले. डास गेले. बू तार्मीही बहिणीकडे राहायला गेल्या.

रेत्नोचा लहानपणीचा पाळणा माळ्यावरून काढला. फाटकाचा निळा रंग उरला होता, माझ्या वडिलांच्या वेळचा डबा. झाकण छिन्नीने उघडावं लागलं. जुन्या रंगात दम असतो, हल्लीचे नुसतं पाणी. दोन हात मारले. झकास दिसतोय. वासाने जरा गरगरलं, उपाशीपोटी असं होतंच. विहीणबाई, या आता मैदानात!

१५ जून, रविवार

नोंद ठेवायलाच हवी म्हणून लिहितो.

रेत्नो फाटकातच थांबली. बाळाच्या तोंडावर पदर धरला आणि विचारलं, काय जळतंय. म्हटलं, काही नाही, सकाळी जरा प्लास्टिक. मग पाळणा पाहिला. डबा उलटा करून साल वाचलं. म्हणाली, "बापाक, हा रंग माझ्यापेक्षा मोठा आहे! बाळं कठडा चावतात. यात शिसं असेल." पाळणा ओट्यावर गेला.

मी हुकमाचा एक्का काढला. हळदीची काडी. तिने बाळासाठी घरून उकळून आणलेल्या पाण्यात एक बुडवली. लाल! आता? रेत्नोने काडी उन्हात धरली, बोटाने खरवडली आणि आजीला विचारलं, "म्बाह, काड्या करताना हात धुतले होते?" आईने आपली पांढरी बोटं पाहिली. मग जी हसायला लागली! तोंडातलं पान उडालं, सुमार्नी भिंतीला टेकली, रेत्नोच्या डोळ्यांतून पाणी. चुना लागलेली हळद ओली झाली की लाल होणारच, हे म्हणे शेंबडं पोरही सांगेल. क्रेतेक तेवढी कोरडी होती. मला कुणी विचारलं नव्हतं.

वाटलं, संपलं. नात चालली विहीणबाईंकडे. पण रेत्नो म्हणाली, तिथे मशीन हवा शुद्ध करतं आणि भिंतीवरची डबी लगेच तिच्यात गुलाबाचा फवारा मारते. बाळ सारखं शिंकतं. इथे ठेवते, आई आणि म्बाह आहेत. "फक्त जाळायचं बंद. आणि बापाक, तुम्ही." माझ्या अंगाला, केसांना, कपड्यांना क्रेतेकचा धूर आहे म्हणे. आंघोळ करून, कपडे बदलून, त्या दिवशी एकही न ओढता आलो, तरच बाळाच्या खोलीत प्रवेश. नाहीतर ओटा.

म्हणजे घरातलं विष सापडलं. बाहेर काढलं. निळ्या पाळण्याशेजारी बसून हे लिहितोय.

१६ जून

सुकिदीकडे जाऊन सगळ्यांसमोर माफी मागितली आणि दोन वाडगे बाक्सो खाल्ले. अप्रतिम. तिसराही.

खिशातलं क्रेतेकचं पाकीट जाळून टाकणार होतो, पण जाळायला बंदी. आईला दिलं, म्हटलं लपव. मी मागितलं तरी देऊ नकोस. संकल्प पक्का.

१६ जून, दुपार

मागितलं. आई म्हणाली, "ले, तुझ्या नातीच्या खोलीत आहे, फडताळावर. जा, घे." आणि शांतपणे पान लावू लागली.

खोलीत जायचं तर आंघोळ हवी. केली, साबण लावून, केसांसकट. धुतलेला शर्ट घातला. बाळ रुळेपर्यंत इथेच राहिलेल्या रेत्नोने माझा खांदा हुंगला, मान डोलावली आणि मी काही बोलायच्या आत बाळ माझ्या हातांत दिलं. दोन्ही हात अडकले. पाकीट समोरच दिसत होतं. बाळाने माझं बोट धरलं. बाळ झोपलं की पाकीट घ्यायचं, असं ठरवलं.

संध्याकाळपर्यंत झोपलंच नाही.