अप्पांचं जुनं मशीन कोणाकडे जावं याविषयी

मी, मंजुश्री मलप्पा हैबतपुरे, वय अठ्ठावीस, अविवाहित, राहणार देवणी, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. उलट घरात सगळ्यांनी लिहू नको असंच सांगितलं. लहानपणीच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे आणि येत्या सोमवारी हैदराबादला तिची शस्त्रक्रिया आहे. बहुतेक जण बरे होऊन घरी जातात, असं डॉक्टर म्हणाले. मी त्या ‘बहुतेक’मध्ये नसले तर, म्हणून हे.

मी काही न लिहिता गेले तर माझं सगळं माझ्या आईकडे, म्हणजे अव्वाकडे जाईल, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. एरवी ते योग्यच झालं असतं. पण त्या सगळ्यात माझ्या वडिलांचं, अप्पांचं मशीनही आहे. ते अव्वाच्या दारात उभं करून मी जाऊ शकत नाही.

कलम १. राहत्या घरातला माझा हिस्सा आणि दवाखान्याचा खर्च भागून बँकेत जे उरेल ते माझी आई पार्वतम्मा हिला मिळावं. घराच्या मागच्या पत्र्यांना पावसाळ्यापूर्वी डांबर लावायला हवं. मी लावणार होते.

कलम २. मशीन म्हणजे पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेलं खोदाईयंत्र. सगळे त्याला जेसीबीच म्हणतात. माझे वडील मलप्पा यांनी ते चाकूरच्या एका ठेकेदाराकडून वापरलेलं घेतलं, तेव्हा माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. ते गेल्यावर अव्वा आणि भावाच्या संमतीने ते माझ्या नावावर झालं. वारसाहक्काने घेणाऱ्याला फसवल्यासारखं होऊ नये म्हणून त्याचे दोष लिहिते. मागच्या हाताच्या सांध्यातल्या पिना आणि बुश झिजले आहेत, त्यामुळे बकेट डावीकडे झुलते. लोडरच्या, म्हणजे पुढच्या बकेटच्या, सिलिंडरचं सील गेल्या वर्षी बदललं, तरी वर उचललेली बकेट एका रात्रीत हातभर खाली येते. इंजिन उत्तम आहे. मात्र सकाळी ग्रीस भरल्याशिवाय मशीन कधीही चालू करू नये.

हे सगळं मला अप्पांनी शिकवलं. शिक्षण नंतर, आधी हे, असं नव्हतं. पण सुट्टीत दुसरीकडे कुठे जायचं मला सुचायचंच नाही. आमचे मिस्त्री खाजामियाँ यांना मी चाचा म्हणते. मला मशीनखाली पाना घेऊन झोपलेलं पाहून ते अप्पांना म्हणाले होते, “मलप्पा, बेटी कू पाना दे दिया. दामाद कू क्या देगा?”

“ग्रीसगन,” अप्पा म्हणाले.

“फिर तो दामाद आताच नई.”

ते खरं झालं, याचा चाचांवर माझा राग नाही.

कलम ३. अप्पा कसे गेले ते गावात तीन प्रकारे सांगितलं जातं. माझ्यामागे निदान एक प्रकार खरा राहावा. पुढची बकेट वर उचलून तिच्याखाली काम करायचं असेल, तर सिलिंडरच्या दांड्यावर लोखंडी टेकू बसवतात. मग तेल सुटलं तरी बकेट खाली येत नाही. अप्पा टेकू लावल्याशिवाय कधी वाकत नसत. मलाही वाकू देत नसत.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी होती. मशीन धुतलं होतं, हार दिसावा म्हणून बकेट उंच उचलली होती. खाली पाने, जॅक, ग्रीसगन, सगळी हत्यारं पूजेला मांडली होती. टेकूही धुवून चाकाला टेकवून उभा केला होता. अव्वाला वाटलं, हे एकच बिचारं मागे का राहावं. तिने तो उचलून मांडणीत ठेवला, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. आमच्याकडे पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या दिवशी हलवतात, त्याआधी त्याला हात लावत नाहीत.

दुपारी रांगोळीवर तेलाचे थेंब पडायला लागले. अव्वा म्हणाली, “अहो, रांगोळी खराब हून राहिली.” अप्पांनी फडकं घेतलं. मी ओसरीतून ओरडले, “अप्पा, टेकू!” त्यांनी मांडणीकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “आज त्याची सुट्टी हाय. नुसतं पुसून येतो.” ते बकेटीखाली वाकले आणि सिलिंडरला तेल पुरवणारी रबरी नळी, तो होस, फुटला. नांदेडहून आणलेला नवा होस घरात पडून होता. तो बसवायचा तर पूजेतले पाने उचलावे लागले असते, म्हणून सण झाल्यावर बसवायचं ठरलं होतं.

यात अव्वाची चूक नाही. अप्पांनी टेकू पाहिला होता, आणि आपण होऊन राहू दिला होता. हे मी तिला तोंडाने सांगू शकलेले नाही, कारण अप्पांचं नाव निघालं की ती उठून चुलीकडे जाते. त्या दिवसापासून ती मशीनच्या शेडकडे बघत नाही. न्हाणीघरात जायला शेडवरून चार पावलं पडतात, तर ती सगळ्या घराला वळसा घालून जाते.

कलम ४. म्हणून मशीन अव्वाकडे न जाता खाजाचाचांचा मुलगा अजहर याला मिळावं. अप्पांच्या वेळेपासून तोच ते चालवतो. जळकोटच्या तलावाच्या कामावर एका ठेकेदाराने घाई केली, “टेकू-बिकू ऱ्हाऊ द्या, लई टाइम जातो,” म्हणाला, तेव्हा अजहरने चावी काढून खिशात घातली आणि डबा उघडून जेवायला बसला. मला असा माणूस हवा आहे. अट एकच: टेकू पूजेच्या मांडणीत ठेवायचा नाही. त्याला कुंकू लावायचं तर तो सिलिंडरवर बसलेला असतानाच लावावं.

*(कलम ४ मी स्वतः खोडलं आहे. कारण कलम ८ मध्ये आहे.)*

कलम ५. माझा भाऊ मल्लिनाथ पुण्याला असतो. त्याने भंगारवाल्याला दोनदा दारात आणलं. “मंजे, बाप खाल्लेलं मशीन दारात ठिवतीस?” म्हणाला.

“मशीननं न्हाई खाल्लं, दादा. होस जुना होता.”

“मंग जुनंच वाईट की! मी तेच सांगून राहिलोय.”

तेव्हापासून आम्ही फक्त अव्वाच्या औषधांपुरतं बोलतो. तो मशीनवर ओरडतो आणि मी त्यात ग्रीस भरते. दोघांचं दुःख एकच आहे एवढं मला कळतं, पण त्याने भंगारवाल्यासमोर माझ्या हातातली ग्रीसगन हिसकावली ते मी विसरलेले नाही. अप्पांचं मनगटी घड्याळ त्याला द्यावं. ते चालू आहे.

कलम ६. माझे पाने, सील काढायचे हूक आणि ग्रीसगन खाजाचाचांना. त्यांचा अठरा नंबरचा पाना मीच हरवला, असं ते म्हणतात. मी हरवलेला नाही. तरी माझा घ्यावा.

कलम ७. माझा अंत्यविधी आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून, हातात इष्टलिंग देऊन व्हावा. खड्डा मात्र माणसांनी कुदळीने काढावा, मशीनने नको. अजहरला सांगितलं तर तो नाही म्हणणार नाही, आणि मग त्याला पुन्हा त्या सीटवर बसणं जड जाईल.

कलम ८. वरचं सगळं लिहून झाल्यावर आज सकाळी मी ते साक्षीदार सुकन्याला अंगणात वाचून दाखवत होते. अव्वा देवळात गेली आहे असं मला वाटलं होतं. ती दाराआड उभी होती.

“लेकीचं असलं आईनं ऐकायचं व्हय गं?” असं म्हणत ती बाहेर आली आणि पायरीवर बसली. मग म्हणाली, “अजहरला का लिवलंस?”

“तुला त्रास नको म्हणून, अव्वा.”

“मशीन अजहरच्या दारात गेलं की माझा त्रासबी त्याच्यासंगं जाणार हाय व्हय?”

मी गप्प राहिले.

“हां, हेच. तू गप. अजहर गप. खाजाभाई मला बघून दारातूनच माघारी जातेत. एक मल्लिनाथ तेवढा ओरडतो, तर त्याचं बरं वाटतंय बघ. माझी चूक न्हाई म्हनून कागदावर लिवतीस, अन् मला दिसू नये म्हनून मशीन दुसऱ्याला देतीस. मंग कोन्तं खरं?”

सुकन्या उठून जायला लागली, तर अव्वाने तिचा हात धरून बसवलं. म्हणाली, “त्यांच्या मागं ते माझ्याकडं यायला पायजे होतं. मी सही करून तुझ्याकडं ढकललं. आता तुझ्या मागंबी दुसरीकडंच ढकलतीस. माझ्या नावावर लिही. त्याचं काय करायचं ते माझं मी बघते.”

“मोडीत काढशील?”

“ठावं न्हाई.”

हे ऐकून मला भीती वाटली आणि अजूनही वाटते. तरी ज्या गोष्टीत तिची चूक नाही असं मी लिहिते, ती तिच्यापासून लपवून ठेवायचा मला अधिकार नाही.

म्हणून कलम ४ रद्द. मशीन माझी आई पार्वतम्मा मलप्पा हैबतपुरे हिला मिळावं, पूर्ण मालकीने, कोणतीही अट न घालता. टेकूची अटसुद्धा मी काढून घेते. तिला ती माझ्याकडून ऐकायची गरज नाही. ती ठेवील तितके दिवस ते अजहरने चालवावं, अशी मी त्याला विनंती करते. आणि तिने ते कधी मोडीत काढायचं ठरवलं, तर खाजाचाचांनी तिला थांबवू नये, मल्लिनाथने बरं झालं म्हणू नये, आणि दोघांपैकी कोणी तिला कारण विचारू नये.

हे वाचून, समजून मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. खाजाचाचांना साक्षीदार व्हायचं होतं. पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला राहू नये, असं वकीलसाहेब म्हणाले. चाचा फाटकाशी थांबले होते. अव्वाने त्यांना आत बोलावून चहा दिला.

सही: मंजुश्री मलप्पा हैबतपुरे

साक्षीदार:
१. सुकन्या शिवम स्वामी, शिक्षिका, देवणी
२. शिवप्रसाद गुरुलिंगप्पा मुळे, किराणा दुकानदार, देवणी

(खोडलेल्या कलमावर तिघांच्या सह्या आहेत.)

ठिकाण: देवणी
दिनांक: १३ फेब्रुवारी २०२५