जालमसिंगांनी उतरवलेली गोड ताडी

तळोदे, माघ शुद्ध नवमी, शके १८६०

प्रिय वीरसिंग, अनेक उत्तम आशीर्वाद.

म्हसावदहून आलेले तुझे पत्र मी दोनदा वाचले. तुझ्या सोयरिकीच्या बैठकीत वडिलांच्या हातून ताडीचा द्रोण घेणार नाहीस, आणि त्यांनी आग्रह धरल्यास बैठकीसच जाणार नाहीस, असा तुझा निश्चय आहे, व त्यास माझी संमती हवी आहे. सुरापान हे महापातक, हे मीच तुझ्याकडून पाठ करवून घेतले. मात्र ते शिकवताना एक हकीकत मी लपवली. ती आज सांगतो.

चौदा वर्षांपूर्वी शाळेसाठी मुले मागण्यास मी अक्कलकुव्यापलीकडे तुमच्या डोंगरगावी आलो होतो. पंचांनी होकार दिला आणि मोहाच्या दारूचा द्रोण माझ्यापुढे धरला. तुमच्याकडे दिलेला शब्द एकत्र पिऊनच पक्का होतो, हे मला ठाऊक नव्हते. वास येताच मी हात झटकला. द्रोण उपडा होऊन दारू मातीत गेली. रूपसिंग कारभारी ताडकन उठले. "ज्याले आमनं पानी चालत नहीं, त्याले आमना पोरं कसा चालतीन?" तेवढ्यात तुझे वडील जालमसिंग मोठ्याने हसले. "अरे, मास्तरनी ते आपला पहिले आपला डोकरासले पाजी दिन्हं! आते डोकरा काय नहीं म्हनतीन?" सारी बैठक हसली. पिण्यापूर्वी पितरांच्या नावे जमिनीवर धार सोडावी, हा तुमचा नेम. माझ्या उद्धटपणाला त्यांनी तर्पणाचे रूप दिले.

तरी शब्द पक्का व्हायचा राहिलाच होता. दुसऱ्या दिवशी उन्हे येण्यापूर्वी तुझे वडील ताडावर चढले. रस आंबू नये म्हणून आतून चुना लावलेले कोरे मडके त्यांनी आदल्या संध्याकाळीच वर बांधून ठेवले होते. ते माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "हाई पी. हाई आजून ताडी व्हयेल नहीं." पहिला घोट मी डोळे मिटून घेतला, दुसऱ्याला डोळे उघडले. शहाळ्याहून गोड, आणि मागे ओल्या मातीचा किंचित गंध. मग वैद्याने पथ्य सांगावे तसे त्यांनी मला समजावले. चुना नसेल तर ऊन चढताच ही जिभेला चिमटे काढू लागते, ती नवख्याने घ्यावी, दुपारची आंबूस, ती कष्ट करून आलेल्याने, आणि मोहाची, "ती ज्यासनी जीभ मरी जायेल शे त्यासले." ज्याला आवडत नाही त्याचा दोष नसतो, त्याला पाजणाऱ्याने वेळ चुकवलेली असते, असे त्यांचे मत. सर्वांनी आपापले घेतले, मी माझे घेतले, आणि शब्द पक्का झाला. पहिला मुलगा त्यांनी स्वतःचा दिला. तो तू.

बाळा, मद्य मला आजही वर्ज्यच आहे. परंतु माझे व्रत राखण्यासाठी जो गृहस्थ ताडावर चढला, त्याचीच लाज धरण्यास मी त्याच्या मुलाला शिकवले. वर्गात मी द्रोणाला नावे ठेवीत असे, तेव्हा तू मान खाली घालीत होतास. मला तो विनय वाटे. शाळेतले प्रत्येक मूल ज्या सकाळमुळे आले, तिचा मी एकदाही उच्चार केला नाही. जालमसिंगांचे आभारही मानले नाहीत.

आज ते पायी माझ्याकडे आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मास्तर, तुन्ही पोथीमा मन्हा पोऱ्याले पेवाजोगं काही लिखेल शे का? तू सांग, मी तेच आनसू." चाळीस वर्षे पोथ्या वाचल्या, पण याचे उत्तर पोथीत नाही, म्हणून त्यांना बसवून हे पत्र लिहायला घेतले. व्रत मोडू नकोस. पण बैठकीस जा, आणि ते जे देतील ते दोन्ही हातांनी घे. त्यांच्या हातून तुझ्या व्रताला बाधा येणार नाही, याची ग्वाही मी देतो. हे पत्र तेच घेऊन येत आहेत. आत काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. त्यांना अक्षर येत नाही. म्हणून त्यांना शेजारी बसव आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखव. माझे आभार त्यांच्या कानी तुझ्या तोंडून पडावेत, एवढ्यासाठीच हे लिहिले.

त्यांचा ऋणी आणि तुझाच,
दोधू गुरुजी