अक्काच्या वांग्यांवरचे मांसाहारी पाहुणे

राजाजीनगर, बेंगळूर
मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८८३

तीर्थस्वरूप आप्पाजी दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे रघुजीचा, साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची पाठ आणि कृष्णाताईचा खोकला आता उताराला लागले असतील अशी आशा आहे. (नसतील तर दोघांपैकी कुणीही औषध घेतलेलं नाही, हे मी इथं बसून सांगतो.) तुम्ही बेळगावहून पाठवलेला फवाऱ्याचा पंप आणि कीड मारायच्या भुकटीचा डबा पोचला. त्यांचं पुढं काय झालं हे सांगायचं तर थोरल्या बहिणीपासून, म्हणजे अनुसूयाअक्कापासून सुरुवात करावी लागेल, कारण या घरात सगळं तिच्यापासूनच सुरू होतं.

आपल्याकडची रीत तुम्ही जाणताच. चातुर्मासात वांगं बंद, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरताचा नैवेद्य, तोही परसातल्याच वांग्यांचा. बाजारचं वांगं अक्कानं देवापुढं कधी येऊ दिलेलं नाही. आईनं धरून ठेवलेलं बी तिनं या नव्या घराच्या मागं लावलं, रोपं तरारली, आणि कार्तिकात पानं पिवळी पडायला लागली. झाडाला नुसता हात लावला की कुणी पिठाची चिमूट फुंकावी तशा बारीक पांढऱ्या माश्या उडायच्या आणि मी पाठ फिरवली की पुन्हा पानाखाली बसून रस प्यायच्या. पानं चिकट झाली, आकसली. अक्का त्या दिवशी जेवली नाही. आईचं बी माझ्या हातून जाणार, एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. मी लगेच तुमचा पंप खांद्याला लावला, तर ती वाफ्यात आडवी उभी राहिली. देवाच्या ताटात विष वाढणार का, म्हणून विचारलं. मी पंप उतरवला.

शेजारी हयवदन नावाचा तरुण राहतो. किडे पाळण्याच्या सरकारी खात्यात आहे. (गृहस्थ कांदासुद्धा खात नाही, आणि दिवसभर किड्यांना किडे भरवतो. पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं!) त्यानं कागदाच्या डबीतून मसुराच्या डाळीएवढे भुंगे आणले आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत सांगितलं, स्वल्प धीर धरा, हे पान खात नाहीत, माशी खातात. दाजी, खरंच सांगतो, मी कचेरीला दांडी मारून बघत बसलो. एवढासा जीव, पण पानाची खालची बाजू अशी पद्धतशीर साफ करत जातो की आमच्या साहेबांनी येऊन शिकावं. अक्कासुद्धा हरखली. रोज सकाळी देवाआधी भुंग्यांचं दर्शन.

आणि मग खंडोबाचं षड्रात्र बसलं. तुम्हाला माहीतच आहे, या दिवसांत आपल्या घरी मांस-मच्छी शिजत नाही. प्रतिपदेला पहाटे अक्का वाफ्यात उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की नैवेद्याच्या वांग्यांवर बसून हे पाहुणे खुशाल मांसाहार करताहेत! मी म्हटलं, अगं, किड्यांना कसलं षड्रात्र? ती म्हणाली, घरात राहतात तर घराची रीत पाळतील. झालं. कुंचल्यानं एकेक भुंगा उचलून बरणीत भरला, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि आत मधाच्या पाण्यात भिजवलेला कापूस ठेवला. (मध उपासाला चालतो.) हयवदनला कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. सगळं पीक जाणार, म्हणाला. मीही भरताची आशा सोडली. भरीस भर म्हणजे झाडांवर काळपट, केसाळ, बघूनच शिसारी यावी अशा अळ्या फिरायला लागल्या. एरवी अक्कानं चपलेनं चिरडल्या असत्या, पण षड्रात्रात जीवहत्या नको म्हणून दात-ओठ खाऊन तिनं चप्पल पायातच ठेवली.

षष्ठीला सकाळी बघतो तर नवी पानं हिरवीगार, झाड हलवलं तरी पीठ उडेना, आणि नैवेद्यापुरती वांगी टंच! हयवदन पानं उलटून बघत राहिला. मग त्यानं चाचरत खुलासा केला की त्या ओंगळ अळ्या म्हणजे बरणीतल्या भुंग्यांचीच पिल्लं, आणि आई-बापांपेक्षा पोरंच जास्त माश्या फस्त करतात. नैवेद्याच्या झाडावर भर षड्रात्रात एवढी कत्तल, आता अक्का काय म्हणते? तिनं वांगी परडीत घेतली, पदर खोचला आणि हयवदनच्याच कानडीतला होकार देत शांतपणे म्हणाली,

"सरी. लेकरांना कुठं उपास असतो?"

दाजी, मी जन्मभर हिशेब केले, पण असा निकाल मला सुचला नसता. शास्त्र राहिलं, देव राहिला, आईचं बीही राहिलं. भरीत उत्तम झालं. हयवदननं बिनकांद्याचं मागून घेऊन तीनदा खाल्लं.

कृष्णाताईला आशीर्वाद मागितल्याचं सांगावं.

तुमचा
रघुजी

ता. क. पंप फार चांगला आहे. अक्का त्यानं तुळशीला पाणी घालते. भुकटी मी कुलपात ठेवली आहे.

आणखी ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आमच्याकडच्या माश्या साफ संपल्या आणि पाहुणे मंडळी लेकरा-बाळांसकट उपाशी आहेत. हयवदन परत न्यायला तयार आहे, पण कामाला बोलावून काम झाल्यावर भुकेलं घालवायचं नाही, म्हणून अक्का अडून बसली आहे. तुमच्या मळ्यात पांढरी माशी मुबलक आहे असं तुम्हीच लिहिलं होतं. तरी फवारणी तूर्त थांबवून टोपलीभर माशी, पानांसकट, धोतराच्या फडक्यात बांधून येणाऱ्या माणसाबरोबर पाठवावी. हयवदनला कळवू नये, सरकारी माणूस आहे, घेरी येऊन पडेल. आणि अक्काचा खास निरोप आहे की जरा गुबगुबीत बघून निवडा, पोरं वाढत्या वयाची आहेत.